एकाच ओळीची द्राक्षं, दोन टाक्यांत दोन वाइन: कुडाळकडच्या एका वायनरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कुडाळ तालुक्यातली ही वायनरी छोटी आहे. स्टीलच्या चार टाक्या, एक प्रेस, बाटल्या भरायला घरचीच माणसं आणि हंगामात गावातल्या पाच-सहा बाया. मालकांना गावात सगळे दादा म्हणतात, म्हणून इथंही तेच ठेवलं आहे. घराणं मूळचं आंबा-काजूचं. करवंद, जांभूळ आणि काजूच्या बोंडांची वाइन ते काही वर्षं करतात, आणि बरी करतात. माझा संबंध चाचण्या आणि नोंदी बसवून देणारा सल्लागार एवढाच. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

कोकणातल्या फळांचा हंगाम मार्च ते जून. आधी बोंडं, मग करवंदं, मग जांभळं. मिरग लागला की संपलं. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत टाक्या मोकळ्या पडतात, बँकेचा हप्ता मात्र बारा महिने चालू. त्यात मालवण-वेंगुर्ल्याकडे येणारे पर्यटक दुकानात शिरले की पहिलं ‘रेड वाइन आहे का’ विचारतात, करवंदाकडे नजर नंतर जाते. तेव्हा फेब्रुवारीत नाशिककडून काळी द्राक्षं आणायची आणि मोकळ्या टाक्यांत कॅबर्ने सोव्हिन्यो (त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची तांबडी वाइन) करायची, असं दादांनी ठरवलं. ओळखीतून दिंडोरी तालुक्यातले एक बागायतदार मिळाले. त्यांना अप्पा म्हणू. बाग तारेवर बांधलेली, ओळी दक्षिणोत्तर, वेली चांगल्या जुन्या.

सौदा साधा होता, आणि पुढच्या घोळाचं मूळ बरंचसं त्या सौद्यातच आहे. दर किलोवर, पण ब्रिक्सप्रमाणे, म्हणजे रसातल्या साखरेच्या आकड्याप्रमाणे. 22 च्या खाली कपात, 24 च्या वर बक्षीस. पीएच (हा आकडा जितका वर, तितका रस कमी आंबट), आम्लता, रंग यांचा उल्लेखही नाही. द्राक्षाच्या व्यवहारात ब्रिक्स चालतो याचं कारण सोपं आहे. रिफ्रॅक्टोमीटर खिशात मावतो, दोन थेंब रसावर आकडा देतो आणि त्या आकड्यावरून भांडण होत नाही. भांडण पुढं होतं, टाकीपाशी.

अडचण

फेब्रुवारीच्या शेवटी माल आला. संध्याकाळी दिंडोरीहून निघालेला ट्रक पुणे-कोल्हापूर करत फोंडा घाट उतरून दुसऱ्या दिवशी पोहोचला. क्रेट उतरतील तसे टाक्यांत गेले. आधी एक नंबरची टाकी भरली, मग दोन नंबरची. यीस्ट एकाच पाकिटातलं, थंडाव्याची सोय सारखी, वर तरंगणाऱ्या साली दिवसातून तीनदा खाली दाबण्याची वेळही सारखी.

फरक पहिल्यांदा लक्षात आला तो साली दाबणाऱ्या बाईच्या. एक नंबरवरचं झाकण काढून ती म्हणाली, “दादानू, हेका भोपळी मिरचेचो वास येता.” दादांनी हसण्यावारी नेलं. आठवडाभरानं वाइन गाळून घेतली तेव्हा मात्र वास जागेवरच होता. हिरवा, देठाचा, कच्ची भोपळी मिरची मोडल्यावर येतो तसा. रंग फिका, पण स्वच्छ लाल. टाकी भरतानाच्या नोंदीत रस 22 ब्रिक्स आणि पीएच 3.5 होता.

दोन नंबरची गोष्ट उलटी. रस 25.5 ब्रिक्स, पीएच 3.95. एवढी साखर म्हणजे पिकलेला माल, म्हणजे गडद रंग, असा दादांचा हिशेब. रंग आला तो विटकरीकडे झुकलेला. वास शिजवलेल्या मनुकांचा, चव जाड आणि सपाट. महाविद्यालयातल्या मित्राकडून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजून घेतलं. 420 नॅनोमीटरचं वाचन म्हणजे पिवळ्या-तपकिरी छटा, 520 चं म्हणजे लाल. ताज्या तांबड्या वाइनमध्ये लाल बाजू जड असते. इथं दोन्ही आकडे जवळजवळ बरोबरीला आले होते, म्हणजे महिनाभराची वाइन काही वर्षं जुनी असल्यासारखी दिसत होती.

पीएचचा प्रश्न नुसत्या चवीचा नाही. 3.5 चा 3.95 झाला की जंतूंवर तेवढाच परिणाम साधायला सल्फाइट जवळजवळ तिप्पट लागतं. सह्याद्रीच्या माथ्यावर थंड तळघर असेल तर एक वेळ निभतं. कुडाळच्या एप्रिलमध्ये, दमट शेडमध्ये, ते जोखमीचं काम आहे.

दादांनी फोन लावला. “अप्पा, तुम्ही दोन बागांचा माल एकत्र केलात.” पलीकडून उत्तर आलं, “भाऊ, बाग एक, छाटणी एक, तोडणी एका दिवसाची. माल दोन कुठून होणार?” दोघंही खरं बोलत होते.

तपास

पहिला संशय प्रवासावर गेला. तो रास्तच होता. उघड्या ट्रकमध्ये ताडपत्रीखाली रात्रभर आलेली द्राक्षं तापतात, काही मणी फुटतात, रस सुटतो. पण दोन्ही टाक्यांचा माल त्याच ट्रकमधून आला होता, आणि ट्रकमधल्या तापानं एका भागात भोपळी मिरचीचा वास पैदा होत नाही. साडेतीन ब्रिक्सचा फरकही एका रात्रीत पडत नाही. यीस्ट आणि टाकी हे संशय त्याहून लवकर निकालात निघाले. राहिलं फळ.

इथं दादांची एक जुनी सवय कामी आली. करवंदाच्या वेळेपासून ते प्रत्येक टाकीचा ताजा रस, यीस्ट टाकण्याआधी, दोन छोट्या बाटल्यांत भरून फ्रीझरला टाकतात. त्या रसावर कागदी क्रोमॅटोग्राफी केली. महागडी यंत्रं लागत नाहीत. गाळणीचा कागद, रसाचे ठिपके, ब्युटेनॉल आणि फॉर्मिक आम्लाचं द्रावण (वास असा की खोलीत थांबवत नाही) आणि रात्रभराची वाट. सकाळी कागद वाळला की निळसर-हिरव्या पार्श्वभूमीवर आम्लांचे पिवळे ठिपके उठतात. टार्टारिक आम्लाचा ठिपका दोन्ही टाक्यांत साधारण सारखा होता. त्याच्या वर मॅलिक आम्लाचा. एक नंबरचा ठसठशीत, दोन नंबरचा जेमतेम दिसेल इतका.

हा कागद मला फार बोलका वाटला. टार्टारिक आम्ल वेलीवरच्या उन्हातापात फारसं हलत नाही. मॅलिक आम्ल मात्र मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे हिरवा टणक मणी मऊ पडून रंग धरू लागल्यावर, मणी श्वसनात जाळत जातो, आणि ताप जितका जास्त तितकं लवकर. म्हणजे दोन नंबरची द्राक्षं शेवटच्या सहा-सात आठवड्यांत एक नंबरच्या द्राक्षांपेक्षा बरीच जास्त तापली होती. एकाच बागेत, एकाच हवेत.

मग दिंडोरीला गेलो. बागेत तोडणीच्या टोळीतल्या एका बाईनं पाच मिनिटांत कोडं सोडवलं. टोळी सकाळी लवकर येते. पूर्वेकडून ऊन येतं, म्हणून बाया आधी ओळीच्या पश्चिम अंगाचे घड तोडतात, कारण तिथं सकाळी वेलीची सावली असते. पश्चिम अंग सगळं झालं की मग पूर्व अंगाला लागायचं. तेव्हा पश्चिमेचे क्रेट ट्रकमध्ये आधी चढले, आत गेले. पूर्वेचे नंतर चढले, फाळक्यापाशी राहिले. कुडाळला फाळक्याकडचे आधी उतरले आणि एक नंबरच्या टाकीत गेले. कुणाच्या ध्यानीमनी नसताना ओळीची दोन अंगं दोन टाक्यांत वेगवेगळी पडली होती.

पुढचा प्रश्न मी अप्पांना विचारला. पानं कुठं काढली होती? पश्चिमेला. जानेवारीत, पाणी उतरल्यावर. मजूर दोन्ही अंगांना पुरले नाहीत, आणि दुपारच्या उन्हानं गोडी लवकर चढते हा त्यांचा अनुभव. अनुभव खोटा नव्हता. सौद्यात बक्षीस साखरेला होतं, त्यांनी साखर आणून दिली. पूर्वेची पानं तशीच राहिली. तिथले घड सावलीत वाढले.

उन्हानं मण्यात काय घडतं

ऊन मण्याला दोन वेगळ्या गोष्टी देतं, उजेड आणि ताप. बागेत त्या एकदमच येतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. मण्याच्या सालीतली रसायनं मात्र दोघांना वेगवेगळा जबाब देतात. हे वेगळं करून दाखवणारा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मर्लो जातीवर झाला आणि 2002 साली प्रसिद्ध झाला. तिथं संशोधकांनी उन्हातले काही घड गार हवा सोडून थंड ठेवले, सावलीतले काही घड गरम केले आणि मग साली तपासल्या. उघड्यावरच्या मण्याचं तापमान हवेपेक्षा 10 अंशांहूनही जास्त चढतं, हे तिथं नोंदलं गेलं. उन्हातले घड गार ठेवले तर रंग वाढला, तापू दिले तर घटला.

रंग म्हणजे अँथोसायनिन. मण्यात पाणी उतरायला लागलं की ती सालीत तयार होऊ लागतात. उजेड कमी पडला तर त्यांची निर्मिती मंदावते, म्हणून एक नंबरची वाइन फिकी. पण मणी 35 अंशांच्या पुढं तापत राहिला तर निर्मिती रोडावते आणि तयार झालेला रंगही मोडतो. 2007 साली जपानमध्ये कॅबर्ने सोव्हिन्योवरच केलेल्या प्रयोगात, दिवसाचं तापमान 25 ऐवजी 35 अंशांपर्यंत नेल्यावर सालीतला रंग निम्म्याच्याही खाली आला होता. दादांच्या आईंना हे समजायला वेळ लागला नाही. लालभडक कोकमं अंगणात उन्हात घालून काळी आमसुलं करण्यात त्यांचा जन्म गेला आहे. कोकमातला लाल रंगही अँथोसायनिनचाच. फरक इतकाच की आमसुलाला काळेपण शोभतं.

भोपळी मिरचीच्या वासाचं कारण मेथॉक्सिपायराझिन गटातलं एक संयुग. खऱ्या भोपळी मिरचीतही तेच असतं. तांबड्या वाइनमध्ये लिटरला 10-15 नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं, म्हणजे तोळामासाही नाही, त्याच्या कित्येक कोटींश. हे संयुग मण्यात हिरवेपणीच साठतं, पाणी उतरण्याच्या दोनेक आठवडे आधी सर्वांत जास्त असतं आणि मग उतरू लागतं. घडाला उजेड मिळाला तर मुळात साठतंच कमी. यातली वेळ फार महत्त्वाची. हिरव्या अवस्थेत पानं काढली तर उपयोग होतो, पाणी उतरल्यावर काढून त्या वासात फारसा फरक पडत नाही. अप्पांनी पानं काढली ती नेमकी उशिरा, आणि नको त्या अंगाला.

उशिरा काढण्याचा आणखी एक तोटा असतो. लहानपणापासून उन्हात वाढलेला मणी सालीत उन्हापासून बचाव करणारी द्रव्यं तयार करून बसलेला असतो. जन्मभर सावलीत राहिलेल्या मण्यावर जानेवारीत एकदम दुपार पडली की चट्टे उठतात. दोन नंबरच्या क्रेटमध्ये असे तपकिरी पाठीचे मणी होते. ते मनुकांसारखे आक्रसतात, पाणी उडून ब्रिक्स चढतो आणि रिफ्रॅक्टोमीटर खूश होतो. 25.5 मधला काही भाग पिकण्याचा, काही निव्वळ सुकण्याचा.

बचावाची ती द्रव्यं म्हणजे फ्लॅव्होनॉल. क्वेर्सेटिन हे त्यांतलं मुख्य. ती अतिनील किरणांना अडवतात आणि जवळजवळ पूर्णपणे उजेडावर चालतात. ताप कमी-जास्त झाल्यानं त्यांना फार फरक पडत नाही. सावलीतल्या घडाच्या तुलनेत उघड्या घडात ती कित्येक पट असतात. वाइनमध्ये ती लाल रंगाला आधार देतात, म्हणून वाईट नाहीत. पण त्यांना जोडलेली साखर सुटली की क्वेर्सेटिन नीट विरघळून राहत नाही, पिवळट गाळ होऊन खाली बसतं. दोन नंबरच्या वाइनमध्ये मे महिन्यात बाटलीच्या खांद्यावर तसा पिवळट थर दिसला होता. दुकानदारानं ‘हळद पडली काय’ विचारून दोन खोके परत पाठवले.

पर्याय

दादांचा पहिला विचार, बागायतदार बदलावा. रागातला विचार होता. दुसऱ्या बागेतही दुपार पश्चिमेलाच पडणार.

दुसरा, शीतवाहन घ्यावं. चांगली गोष्ट, पण या दुखण्यावरचं औषध ते नव्हतं आणि भाडं पेलणारं नव्हतं. ट्रक रात्रीच निघेल आणि ताडपत्रीखाली हवा खेळेल एवढं मात्र पक्कं केलं.

तिसरा पर्याय बराच वेळ चघळला गेला. कोकणातच द्राक्ष का लावू नये? दादांकडे कातळावरची पडीक जमीन आहे, ऊन भरपूर. पण द्राक्षाला नुसता उजेड पुरत नाही. सिंधुदुर्गात पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चार महिने ओली पानं, डाउनी या बुरशीरोगाला मोकळं रान. पुढच्या वर्षीचा माल ज्या काडीवर यायचा ती काडी नीट तयार होणार नाही. ते एक वेळ प्लास्टिकच्या छताखाली सांभाळलं, तरी रात्रीचं काय? नाशिककडे जानेवारीच्या रात्री 10 अंशांच्या आसपास उतरतात. किनाऱ्यावर पारा 17-18 च्या खाली फारसा जात नाही. आम्ल आणि रंग ज्या गारव्यात टिकतात तो इथं नाहीच. दादांना हे पटायला वेळ लागला. जमीन स्वतःची असली की पटत नाही.

चौथा पर्याय टाकीतच दुरुस्ती करायचा. दोन्ही वाइन मिसळल्या तर पीएच मधोमध येईल, पण मिरचीचा वास पसरेल आणि तपकिरी छटा राहील. दादांनी बरणीत एक वेगळा प्रयोगही करून पाहिला, दोन नंबरमध्ये थोडं कोकम आगळ. रंग सुरेख आला, आंबटपणा आला, आणि वाइन सरळ कोकमाची लागायला लागली. शिवाय मग लेबलावर निव्वळ द्राक्षाची वाइन म्हणणं खोटं ठरलं असतं.

पाचवा, बागेत फेरफार करायचा आणि त्यासाठी सौदा बदलायचा. माझा कौल याला होता. अप्पांना ‘पानं पूर्वेची काढा’ एवढं सांगून भागलं नसतं. ब्रिक्सला बक्षीस ठेवून कमी तापलेला माल मागणं म्हणजे माणसाला स्वतःच्या खिशाविरुद्ध वागायला सांगणं.

काय केलं

पहिल्या हंगामाचा माल आधी मार्गी लावला. दोन नंबरला टार्टारिक आम्ल घालून पीएच 3.7 पर्यंत आणला. हे खरं तर रसातच करायला हवं होतं, वाइन झाल्यावर घातलेलं आम्ल जिभेवर सुटं लागतं. एक नंबर आहे तशी वेगळी बाटलीबंद करून स्थानिक खानावळींना कमी दरात दिली. तिखट मटणासोबत तो हिरवा वास खपून जातो, असं एकानं सांगितलं. मला ते पटलं नाही, पण माल उठला.

मग जुलैमध्ये, भर पावसात, अप्पा कुडाळला आले. टाकीपाशी उभं राहून दोन ग्लास चाखले. फोनवर जे चार महिन्यांत मिटलं नव्हतं ते तिथं अर्ध्या तासात मिटलं. नवा सौदा असा ठरला की ब्रिक्स 23 ते 24.5 च्या मध्ये हवा, त्यावर बक्षीस नाही. बक्षीस पीएच 3.7 च्या आत असेल तर. आणि ओळीची दोन अंगं वेगळी तोडायची, पूर्वेच्या क्रेटला निळी फीत, पश्चिमेच्या क्रेटला लाल. पानकाढणीच्या जादा मजुरीत दादांचा निम्मा वाटा.

बागेतलं काम ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर सुरू झालं. डिसेंबरच्या सुरुवातीला, मणी ज्वारीएवढे असताना, पूर्व अंगाची घडाभोवतालची पानं काढली. सकाळचं ऊन थेट घडावर, पण हवा गार. तोच उजेड, ताप कमी. उघडी बाजू वाऱ्या-उन्हात राहिल्यानं भुरी ही बुरशीही कमी आली, हा अप्पांच्या दृष्टीनं सर्वांत पटणारा फायदा. पश्चिमेची पानं ठेवली, फक्त आत गुदमरलेली पिवळी पानं काढली. शेवटच्या दोन ओळींवर पश्चिमेला शेडनेट लावून पाहिलं.

तोडणीआधीच्या आठवड्यात दुपारी तीन वाजता इन्फ्रारेड तापमापक घेऊन ओळीतून फिरलो. हवा 34 अंश. पश्चिमेला जिथं चुकून पान गळालं होतं तिथला उघडा मणी 45. त्याच घडातला पानाआडचा मणी 36. पूर्वेचा मणी 34. अप्पांनी तो तापमापक हातातून सोडला नाही. संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन बागाही मोजून झाल्या.

निष्पत्ती

पूर्वेचा रस 23.5 ब्रिक्स आणि पीएच 3.55 आला. वाइनचा रंग आदल्या वर्षीच्या दोन्ही टाक्यांपेक्षा गडद, आणि छटा लालच. मिरचीचा वास जवळपास गेला. साली दाबणारी बाई तीच होती. तिनं झाकण काढून मान हलवली आणि कामाला लागली.

पश्चिमेचा रस 23 आणि 3.65. मनुकांचा वास नाही. थोडा हिरवेपणा होता, कारण या अंगाला आता सावली जास्त. तो सहा महिन्यांनी मिसळणीत बुजला. शेडनेटखालच्या ओळी आठवडाभर उशिरा पिकल्या, टोळीला दुसऱ्यांदा बोलवावं लागलं. जाळीचा खर्च धरता तो प्रयोग तूर्त बासनात आहे.

एक गोष्ट सुधारली नाही. पिवळट गाळ या वर्षीही आला, आणि आला तो पूर्वेच्या चांगल्या वाइनमध्ये. दादांना धक्का बसला. मला बसला नाही, कारण क्वेर्सेटिनला सकाळचं ऊनही ऊनच. ताप टाळला म्हणून अतिनील किरण टळत नाहीत. गडद रंगासाठी घड उजेडात आणले की फ्लॅव्होनॉल सोबत येणारच. त्यावर उपाय बागेत शोधण्यात अर्थ नव्हता. वाइन टाकीत चार महिने जास्त ठेवली, गाळ बसू दिला, मग गाळून बाटलीत भरली. चार महिने म्हणजे बोंडं आणि करवंदांच्या हंगामात एक टाकी अडकली. त्या वर्षी करवंदाची वाइन कमी झाली. हिशेबाच्या वहीत हा तोटा कॅबर्नेच्या खात्यावर लिहायचा की करवंदाच्या, यावर दादा आणि वहिनींचं अजून एकमत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सौद्यात पीएच पहिल्याच वर्षी यायला हवा होता. पीएच मीटर महाग नाही. पण तो दर आठवड्याला प्रमाणित द्रावणात तपासावा लागतो, आणि तो कुणी तपासायचा यावर सौदे अडतात. पुढच्या करारात तपासणी वायनरीनं आणि बागायतदारानं समोरासमोर, क्रेट उतरताना करायची असं लिहिलं आहे.

नमुने घेण्याची पद्धत ही दुसरी जागा. तोडणीआधी अप्पा ओळीतून चालत दोन्ही अंगांचे मणी एकाच पिशवीत गोळा करायचे आणि सरासरी ब्रिक्स 23.8 सांगायचे. आकडा खरा होता आणि निरुपयोगी होता. त्या पिशवीत 22 चा आणि 25.5 चा माल एकमेकांना झाकत होते. पूर्वेचे, पश्चिमेचे आणि घडाच्या आतल्या-बाहेरच्या बाजूचे मणी वेगळ्या पिशव्यांत घेतले असते तर ट्रक निघण्याआधीच कळलं असतं.

पानकाढणीच्या तारखेबद्दल माझं आणि अप्पांचं अजून जुळत नाही. मला ती आणखी आठवडाभर आधी, फुलोरा संपून मणी धरताच, करायला आवडेल. हिरव्या वासाचा जो थोडा अंश राहिला तो त्यानं जाईल. अप्पांचं म्हणणं असं की त्या वेळी थंडी पडलेली असते, पानं कमी केली तर मण्याची फुगवण मार खाते आणि वजन घटतं. वजनावर त्यांचं पोट आहे. सध्या चार ओळींवर दोन्ही तारखा करून वजन आणि वास दोन्ही पाहायचं ठरलं आहे.

अप्पा आता नवा तुकडा लावणार आहेत, आणि खरा मोठा निर्णय तिथं आहे. ओळी पुन्हा सरळ दक्षिणोत्तर टाकायच्या, की ईशान्य-नैऋत्य तिरप्या? तिरप्या टाकल्या तर दुपारी तीनच्या सुमाराचा सूर्य ओळीच्या रेषेत येतो, पश्चिम अंगावर थेट पडत नाही. पूर्व-पश्चिम टाकण्यात मात्र अर्थ नाही. फेब्रुवारीत आपल्याकडे सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, तेव्हा दक्षिण अंग दिवसभर भाजेल आणि उत्तर अंगाला मिरचीचा वास येईल. तिरप्या ओळींना अडचण जमिनीची आहे. तुकडा लांबट, बांध दक्षिणोत्तर, आणि तिरप्या ओळी टाकल्या की दोन्ही टोकांना त्रिकोणी जागा वाया जाते, ट्रॅक्टर वळवायला त्रास. किती वेली कमी बसतील याचा नकाशा कृषी पदविका केलेल्या त्यांच्या मुलानं कागदावर काढला आहे. दादांनी त्या कमी वेलींची भरपाई दरात द्यायची तयारी दाखवली आहे, पण पाच वर्षांचा लेखी करार मागितला आहे. अप्पांनी दिवाळीनंतर सांगतो म्हटलं आहे.